हेल्पडेस्क सॉफ्टवेअर घेताना: डिस्काउंट सगळ्यात शेवटी मागा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना मी जिथे भरकटले तिथे काटछाट केली आहे आणि आकडे नीट मांडले आहेत, कारण आजचा विषय आकड्यांचाच आहे.

विषय असा: कंपनीसाठी हेल्पडेस्क सॉफ्टवेअर कसं निवडायचं आणि ते विकणाऱ्याशी वाटाघाटी कशा करायच्या. हेल्पडेस्क म्हणजे काय, तर ग्राहकांच्या तक्रारी ईमेल, फोन, व्हॉट्सॲप अशा दहा वाटांनी येतात. त्या एका जागी आणायच्या, प्रत्येकीला नंबर द्यायचा, कोणाकडे आहे आणि किती वेळ पडून आहे ते दाखवायचं. त्या नंबरला तिकीट म्हणतात आणि तिकिटं सोडवणाऱ्याला एजंट.

तुम्ही म्हणाल, हे काम परचेस डिपार्टमेंटचं, आम्हाला काय त्याचं? पण चाळीस माणसांच्या कंपनीत परचेस डिपार्टमेंट नसतंच. तिथे हे काम एखाद्या तरुण इंजिनिअरच्या गळ्यात पडतं. "तुला कळतं ना त्यातलं, बघ जरा." मलाही असंच मिळालं होतं. पहिल्या वेळी मी चुकले. ती चूक किती रुपयांना पडली आणि कोणाला पडली, तिथूनच सुरुवात करते.

२,८०,८०० रुपयांची चूक

आमची कंपनी पुण्यातली. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सपोर्टला नऊ जण. तक्रारी काय येतात? "रोजकीर्द जुळत नाही", "पिग्मीचं मशीन सिंक होत नाही", "व्याज दोनदा पडलं". पूर्वी हे सगळं एका सामायिक मेलबॉक्सवर यायचं. एकाच मेलला दोघं उत्तर द्यायचे आणि तिसऱ्या मेलला कोणीच नाही. एका ३१ मार्चला एका संस्थेचा मेल असाच राहून गेला आणि त्यांचे मॅनेजर दुसऱ्या दिवशी थेट ऑफिसात येऊन बसले. तेव्हा ठरलं की हेल्पडेस्क घ्यायचा.

मी तीन डेमो बघितले आणि सगळ्यात देखणा निवडला. सेल्सवाला म्हणाला, "मॅम, नऊ सीटला ३,००० रुपये पर सीट. पण पंधरा घेतल्या तर स्लॅब बदलतो, २,४०० पडतील. शुक्रवारपर्यंतच आहे हं." मला वाटलं, २० टक्के सुटले की! टीम वाढणारच आहे. घेतल्या पंधरा. वर्षाचे ४,३२,००० रुपये, जीएसटी वेगळा.

टीम वाढली नाही. सहा सीट रिकाम्याच राहिल्या. नऊ सीट पूर्ण भावानेही ३,२४,००० ला पडल्या असत्या. म्हणजे "डिस्काउंट" घेऊन मी एक लाख आठ हजार जास्त भरले होते. हे गणित सहावीतलं आहे. पण समोर "शुक्रवारपर्यंत" असं घड्याळ लावलं की सहावीतलं गणितही सुटत नाही.

खरा फटका वर्षभराने बसला. करारात एक ओळ होती: मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप एक वर्ष वाढेल, त्या वेळच्या दराने. आठवणीचा मेल आला होता म्हणे, पण तो आमच्या ॲडमिनच्या पत्त्यावर, आणि तो ऑक्टोबरमध्येच नोकरी सोडून गेला होता. जानेवारीत थेट बिल आलं. पंधरा सीट, ३,००० रुपयांनी, ५,४०,००० रुपये. पहिल्या वर्षाची सवलत पहिल्या वर्षापुरतीच होती. सीट कमी करा म्हटलं तर उत्तर आलं की मुदतीच्या मध्ये वाढवता येतात, कमी करता येत नाहीत.

नऊ सीट जुन्याच २,४०० च्या दराने चालू राहिल्या असत्या तर २,५९,२०० झाले असते. फरक २,८०,८०० रुपयांचा. आमच्याकडे लातूरचा एक ट्रेनी होता. महिनाअखेरची रात्रपाळी तोच ओढायचा. एप्रिलपासून त्याला पर्मनंट करायचं ठरत होतं आणि त्याचा वर्षाचा पगार साधारण तेवढाच होणार होता. सर म्हणाले, "सपोर्टचं बजेट संपलं, पुढच्या वर्षी बघू." तो मे महिन्यात दुसरीकडे गेला. मला कोणी बोललं नाही. पण गणित मला येत होतं.

बाजाराची जुनी गोष्ट

दर पानावर लिहिलेला असतो तसा टिकत नाही, हे या धंद्याला पहिल्यापासून माहीत आहे. झेनडेस्क ही कंपनी २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला सुरू झाली. मे २०१० मध्ये त्यांनी दर वाढवले आणि जुने ग्राहकही त्यात धरले. ग्राहक इतके भडकले की कंपनीने जाहीर माफी मागितली आणि जुन्या ग्राहकांना जुने दर परत दिले. इंटरनेटवर चाललेला तो गोंधळ चेन्नईत गिरीश मातृभूतम वाचत होते. ते तेव्हा झोहोमध्ये होते. इतके ग्राहक नाराज असतील तर इथे जागा आहे, हे त्यांनी ओळखलं आणि त्याच वर्षी फ्रेशडेस्क सुरू केलं. पुढे तिचं नाव फ्रेशवर्क्स झालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती अमेरिकेतल्या नॅसडॅकवर लिस्ट झाली.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, दरवाढ होणारच, म्हणून तिची मर्यादा करारात लिहून घ्यायची. दोन, पर्याय आहेत. झेनडेस्क, फ्रेशडेस्क, झोहो डेस्क, ॲटलासियनचं जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट, शिवाय ओएसटिकेट आणि झॅमॅडसारखी ओपन सोर्स सॉफ्टवेअर. विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. फक्त तुम्हाला ते माहीत आहे की नाही, हे तो तपासत असतो.

आधी स्वतःची मोजणी

दुसऱ्या वर्षी मी ऑगस्टमध्येच कामाला लागले. कोणालाही फोन करण्याआधी आमच्याच हेल्पडेस्कमधून सहा महिन्यांचा डेटा काढला आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधली.

पहिला, लॉगिन कोण करतं? पंधरातल्या नऊ सीट रोज वापरात होत्या. दोन मॅनेजरांच्या होत्या, ते फक्त रिपोर्ट बघायचे. चार सीटवर कोणी एकदाही आलेलं नव्हतं. नुसतं बघणाऱ्यांसाठी किंवा आतली टिप्पणी लिहिणाऱ्यांसाठी बऱ्याच कंपन्या फुकट किंवा स्वस्त सीट देतात, पण ते आपण विचारल्याशिवाय पुढे येत नाही.

दुसरा, तिकिटं कुठून येतात? आम्हाला वाटायचं ईमेलवरून. निघालं भलतंच. जवळपास निम्मी व्हॉट्सॲपवरून येत होती आणि ती हाताने कॉपी-पेस्ट होत होती.

तिसरा, गर्दी कधी असते? महिन्याचे शेवटचे तीन दिवस आणि मार्चअखेर. बाकी महिना निवांत.

चौथा, कोणती फीचर्स खरंच वापरली? आम्ही ज्या महागड्या प्लॅनवर होतो त्यातली तीन-चारच. बाकीची कोणी उघडूनही पाहिली नव्हती.

या चार उत्तरांचं मी एक पान केलं. पुढच्या सगळ्या वाटाघाटींत मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या पानाचा. सेल्सवाला "तुमच्यासारख्या कंपन्या साधारणपणे वरचा प्लॅन घेतात" म्हणाला की मी पान बघायचे आणि म्हणायचे, "आमची गरज ही आहे."

डेमो आपल्या तिकिटांवर

डेमोत सगळंच सुंदर दिसतं, कारण डेमोतला ग्राहक शहाणा असतो. तो इंग्रजीत, एका वाक्यात, एकच तक्रार करतो. आपला ग्राहक तसा नसतो. म्हणून या वेळी मी आमची दहा खरी तिकिटं काढली, त्यातली नावं आणि खातेनंबर पुसले, आणि सगळ्या कंपन्यांना तीच दहा पाठवली. "स्लाइड नकोत. या दहांचं तुमच्या सिस्टीममध्ये काय होतं ते दाखवा."

त्यात एक तिकीट मुद्दाम मराठी सर्चसाठी होतं. हे थोडं सविस्तर सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या कुठल्याही टीमला ते नडतं. "ॲप" हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एकात "ॲ" हे एकच अक्षर असतं. दुसऱ्यात आधी "अ" आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे. सर्च नीट बांधलेला नसेल तर एका प्रकाराने शोधल्यावर दुसऱ्या प्रकारची तिकिटं येतच नाहीत. तीनपैकी एका ठिकाणी नेमकं तेच झालं. शिवाय काही संस्थांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की विचित्र चिन्हांचा कचरा दिसतो. तो कोणीच वाचू शकलं नाही, आणि ते अपेक्षितच होतं. पण एकाने प्रामाणिकपणे "हे होणार नाही" म्हटलं आणि दुसऱ्याने "रोडमॅपवर आहे" म्हटलं. "रोडमॅपवर आहे" याचा अर्थ आज नाही, असाच घ्यायचा. पैसे आज जे चालतं त्याचेच द्यायचे.

ट्रायलचंही तसंच. फुकट ट्रायल साधारण दोन आठवड्यांची असते. पहिल्या वेळी मी ती महिन्याच्या पाच तारखेला सुरू केली होती. सगळं गुळगुळीत चाललं, कारण तिकिटंच नव्हती. या वेळी २० तारखेला सुरू केली, म्हणजे महिनाअखेर त्यात आली. आणि ट्रायल मी केली नाही, सपोर्टच्या तिघांनी केली. आमच्या सपोर्ट लीडने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "यात एका तिकिटावरून दुसऱ्यावर जायला चार क्लिक लागतात. माझी मुलं महिनाअखेरीला वेडी होतील." मी बटणांचे रंग बघत बसले असते.

खरी किंमत कशी काढायची

आता पैशाकडे येऊ. प्राइसिंगच्या पानावर "प्रति एजंट, प्रति महिना" असा मोठा आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरांत "वर्षाचं बिल एकदम भरल्यास". त्या मोठ्या आकड्यात कायकाय मिळवायचं, याची माझी यादी ही घ्या.

प्लॅनची पायरी: हवं ते एखादंच फीचर वरच्या प्लॅनमध्ये ठेवलेलं असतं. आम्हाला कामाच्या वेळा धरून उत्तराची मुदत मोजायची होती. एका कंपनीचा दर १,८०० होता, पण त्या प्लॅनमध्ये हे नव्हतं. वरचा प्लॅन आणि व्हॉट्सॲपचा ॲड-ऑन धरला तर तोच दर २,३५० झाला.

व्हॉट्सॲप: इथे दोन बिलं असतात, एक हेल्पडेस्क कंपनीचं आणि एक व्हॉट्सॲपचं. ग्राहकाने मेसेज केल्यावर २४ तासांत दिलेल्या साध्या उत्तराला व्हॉट्सॲप पैसे लावत नाही. त्यानंतर आपण होऊन पाठवायचा तर मंजूर टेम्प्लेट लागतं आणि त्याचा मेसेजमागे दर पडतो. म्हणून वेळेत उत्तर दिलं तर पैसेही वाचतात. मधली कंपनी यावर स्वतःचं काही लावते का, ते स्पष्ट विचारा.

एआय: हा नवा खर्च. इंटरकॉमने २०२३ मध्ये त्यांच्या फिन या बॉटसाठी सुटलेल्या तक्रारीमागे ०.९९ डॉलर असा दर आणला आणि मग "सुटली तरच पैसे" ही भाषा बाजारात रुळली. ऐकायला न्याय्य वाटतं. पण "सुटली" हे कोण ठरवतं? तिथे ग्राहकाने हो म्हटलं तरी सुटली, आणि उत्तर वाचून पुढे काहीच विचारलं नाही तरी सुटलीच धरतात. आमच्या पतसंस्थेतला कॅशियर बॉटला कंटाळला की काहीच न लिहिता सरळ फोन लावतो. म्हणजे तक्रार तशीच राहणार आणि पैसे मात्र जाणार. अशा प्रकारचा दर असेल तर व्याख्या लेखी मागा आणि महिन्याची कमाल मर्यादा लावून घ्या.

जीएसटी आणि डॉलर: सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. बिल परदेशी कंपनीकडून थेट येत असेल तर नोंदणीकृत कंपनीला तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. क्रेडिट मिळत असलं तरी पैसे आधी बाहेर जातात. बिल डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरला की तुमचं बजेटही घसरतं. रुपयात बिल देता का, हे पहिल्याच कॉलला विचारा.

आपला वेळ: ओपन सोर्स घ्या, फुकट आहे, असं मीच मीटिंगमध्ये म्हणाले होते. मग हिशोब मांडला. सर्व्हर, बॅकअप, अपडेट आणि रात्री बंद पडलं तर माझी झोप. महिन्याला माझे किमान दोन दिवस. तुमच्याकडे सर्व्हर सांभाळणारं माणूस आधीच असेल तर हा उत्तम पर्याय आहे. आमच्याकडे ते माणूस मीच होते.

बाहेर पडायचा रस्ता आधी तपासा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं "गेटिंग टू येस" हे १९८१ चं पुस्तक वाटाघाटींबद्दलचं गाजलेलं पुस्तक आहे. त्यातली गाजलेली कल्पना अशी की, बोलणं फिसकटलं तर तुमच्या हातात दुसरं काय आहे, यावर तुमची ताकद ठरते. तुळशीबागेत हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. "राहू दे मग" म्हणून आपण पुढे निघतो आणि मागून हाक येते. पण ती हाक कधी येते? पुढच्या दुकानात तीच वस्तू आहे हे दोघांनाही माहीत असतं तेव्हा.

सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या दुकानात जायला तुमचा डेटा बरोबर नेता आला पाहिजे. म्हणून सप्टेंबरमध्ये मी आमची सगळी तिकिटं बाहेर काढून बघितली. सीएसव्ही डाउनलोड करायचं बटण होतं, पण त्यात फक्त विषय, तारीख आणि स्टेटस. आतलं संभाषण नाही. ते एपीआयमधून काढावं लागलं, आणि मिनिटाला ठरावीकच विनंत्या चालत असल्यामुळे स्क्रिप्ट रात्रभर चालली. सकाळी बघते तर अटॅचमेंटच्या जागी नुसत्या लिंक होत्या आणि त्या काही वेळाने बंद होत होत्या. मग स्क्रिप्ट बदलली आणि फाइली त्याच वेळी उतरवून घेतल्या. तीन रात्री गेल्या. पण चौथ्या दिवशी आमच्या सर्व्हरवर सगळं होतं आणि ट्रायलवाल्या दुसऱ्या कंपनीत त्यातली पाचशे तिकिटं नीट चढलीसुद्धा.

त्या दिवसानंतर माझा फोनवरचा आवाज बदलला, असं सपोर्ट लीड म्हणते. मला वाटतं ते खरं आहे. तोपर्यंत मी विनंती करत होते.

यात एक जबाबदारीही आहे. तिकिटांमध्ये ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि कधीकधी खात्याचे स्क्रीनशॉटही असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा हाताळायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. म्हणून डेटा कुठे ठेवता, करार संपल्यावर किती दिवसांत पुसता आणि पुसल्याचं लेखी देता का, हे प्रश्न विचारायचेच.

आता बोलणी

करार १५ जानेवारीला संपत होता आणि ६० दिवसांची अट होती. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लेखी कळवलं: "आम्ही हा करार आपोआप वाढवू इच्छित नाही. नव्या अटींवर बोलायला तयार आहोत." एवढंच. नोटीस म्हणजे भांडण नव्हे. आपोआप फिरणारं चाक थांबवण्यासाठी ती द्यायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला. वर्षभर आमचं एक तिकीट उघडं ठेवणाऱ्या कंपनीचा!

मी फोनवर काहीच कबूल केलं नाही. "मेल टाका, टीमशी बोलून सांगते" हे वाक्य पाठ करून ठेवा. मग आमच्या सगळ्या मागण्या एकाच मेलमध्ये पाठवल्या. आधी दर, मग अटी, मग सीट असं एकेक करून मागितलं तर प्रत्येक वेळी काहीतरी द्यावं लागतं. मागण्या अशा होत्या:

१. नऊ पूर्ण सीट आणि मॅनेजरांसाठी दोन बघण्याच्या सीट.
२. नूतनीकरणाला दरवाढ जास्तीत जास्त ५ टक्के, आणि ती प्रत्यक्ष भरलेल्या दरावर, पानावरच्या दरावर नाही.
३. करार आपोआप वाढणार नाही.
४. वर्षाच्या मध्ये दोनपर्यंत सीट कमी करायची मुभा.
५. करार संपल्यावर ९० दिवस डेटा उतरवून घेता येईल, संभाषण आणि अटॅचमेंटसह.
६. सूचनांचे मेल एका माणसाला नाही, आमच्या सामायिक पत्त्यावर.
७. दर २,००० रुपये.

दर मुद्दाम शेवटी ठेवला होता. सेल्सवाल्याचं सगळं लक्ष दरावर असतं, कारण त्याचं कमिशन तिथे असतं. वरच्या सहा अटींतल्या बऱ्याच द्यायला त्याला फारसं काही पडत नाही. आपल्याला मात्र पुढची पाच वर्षं त्याच वाचवतात.

अपटाइमबद्दलही बोललो. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद राहिलं तरी चालतं. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. कागदावर फरक ०.४ चा दिसतो. ३१ मार्चच्या संध्याकाळी तो फरक काय असतो, ते आमच्या सपोर्टला विचारा. भरपाई म्हणून बिलातून थोडी वजावट मिळते, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. वजावट आपोआप मिळते की मागावी लागते, एवढं बघून घ्या.

वेळेचंही गणित असतं. सेल्सच्या माणसाला तिमाहीचं टार्गेट असतं. ज्या कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, त्यांच्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत "मॅनेजरला विचारून सांगतो" चं उत्तर लवकर येतं. सगळ्यांचं वर्ष तेव्हाच संपत नाही. सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला संपतं, आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांचं ३१ मार्चला. समोरच्याचं कधी संपतं ते शोधून ठेवा, म्हणजे त्याचा "शुक्रवार" नेमका कशासाठी आहे ते कळतं.

त्याने दोन वर्षांच्या करारावर १,९०० देऊ केले. मोह झाला. पण दोन वर्षांनी आमची टीम केवढी असेल हे मला माहीत नव्हतं, आणि मागच्या वेळी मी नेमकं तेच माहीत असल्यासारखं वागले होते. "एकच वर्ष, पैसे एकरकमी आगाऊ, निर्णय याच महिन्यात," असं मी म्हटलं. काही मागताना काही देणंही लागतं. आगाऊ पैसे आणि नक्की तारीख या दोन गोष्टी आम्हाला देता येण्यासारख्या होत्या. आणि हो, खोटं बोलू नका. दुसऱ्या कंपनीचा नसलेला कोट सांगायचा नाही. हा धंदा लहान आहे. आणि तो "कोट दाखवा" म्हणाला तर?

२८ डिसेंबरला ठरलं. नऊ सीट, २,१०० रुपये, वर्षाचे २,२६,८०० अधिक जीएसटी. सातपैकी पाच मागण्या जशाच्या तशा मिळाल्या, दर थोडा वर गेला, आणि वर्षाच्या मध्ये सीट कमी करायची अट त्यांनी मानली नाही. आदल्या वर्षीपेक्षा ३,१३,२०० रुपये कमी.

तुम्ही विचाराल, मग त्याच कंपनीकडे राहिलात? हो. टीमला ते सॉफ्टवेअर येत होतं, मराठी सर्च चांगला होता, आणि बदलायचं म्हणजे महिनाभर सगळ्यांची ओढाताण. पण "अडकलो म्हणून राहिलो" आणि "जाता येत असून राहिलो" यातला फरक बिलावर स्पष्ट दिसतो.

सही करण्याआधी ऑर्डर फॉर्म नीट वाचा. फोनवर आणि मेलवर ठरलेलं सगळं त्यात आलं पाहिजे. "आमच्या वेबसाइटवरच्या अटी लागू" असं असेल आणि त्या अटी त्यांना कधीही बदलता येत असतील, तर ऑर्डर फॉर्ममधलं कलम वरचढ राहील, असं एक वाक्य घालून घ्या. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये ५ टक्क्यांची मर्यादा "राहून गेली" होती. मी परत पाठवला. अर्ध्या तासात दुरुस्त होऊन आला.

शेवटी

सरांना मी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले आणि म्हटलं, हे पैसे सपोर्टच्याच बजेटमध्ये राहू देत. एप्रिलमध्ये आम्ही एका मुलीला घेतलं, पहिल्या दिवसापासून पर्मनंट. त्या लातूरच्या मुलालाही मी मेसेज केला होता. त्याने लिहिलं, "ताई, इथे बरं चाललंय." बरं वाटलं, आणि वाईटही.

तुमच्यापैकी कोणाच्या गळ्यात हे काम पडलं असेल तर आजच एक करा. तुमचा चालू करार उघडा, संपण्याची तारीख बघा, त्यातून नोटिशीचे दिवस वजा करा, त्याच्याही आधीचा एक महिना धरा, आणि ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. फक्त स्वतःच्या नाही, अजून दोघांच्या. कारण तोपर्यंत तुम्ही नोकरी बदललेली असू शकते.

तुमच्याकडे करारातली एखादी फसवी ओळ सापडली तर कंपनीचं नाव झाकून नक्की पाठवा, एका भागात सगळ्या एकत्र वाचू. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत शुक्रवारला घाबरू नका!